शेवटच ऐकणारे कंपाउंडरभाई

आमच्या घरात बरीच वर्षं गाण्यांचे नुसते शेवट ऐकू येत. सुरुवात नाही, मधलं काही नाही. खालच्या मजल्यावरून एकदम आठ-दहा वाद्यांचा गलका उठे, झांज वाजे आणि धाडकन सगळं संपे. मग शांतता. मग पुन्हा तोच गलका, तीच झांज, तेच धाडकन. भाजीला फोडणी देईपर्यंत चार गाणी संपलेली असत. मी वर वांगी चिरता चिरता म्हणे, हा माणूस एखादं गाणं सुरू का करत नाही?

हा माणूस म्हणजे आमचे घरमालक. मंगरूळपीरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली, म्हणून अख्खं गाव त्यांना कंपाउंडरभाई म्हणे. उंच, वाळकुडे, पांढरा सदरा, आणि अंगाला स्पिरिटचा वास. अत्तर लावलं तरी तो वास अत्तराच्या पुढे चाले.

मी तेव्हा चाळिशीची. मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला बदलून आले होते. माझ्याइतकी शहाणी बाई त्या तालुक्यात दुसरी नाही असं माझं मत होतं, आणि दुसरं मत घ्यायला मी कोणाकडे गेले नाही. माहेर अमरावतीचं, पण 'मले-तुले' जिभेवरून खरवडून काढलेलं. भाजीवालीशीसुद्धा पुस्तकासारखं बोले. ती बिचारी घाबरून मेथीची एक जुडी जास्त देई. आता वाटतं, त्या मेथीवरच माझी विद्वत्ता पोसली गेली.

आम्ही नवराबायको घर बघायला गेलो तर कंपाउंडरभाईंनी एकच गोष्ट विचारली.

"म्याडम, दार कसं लावता?"

"हाताने," मी म्हटलं.

"तसं नाही वो. आपटता काय? शेवटाच्या टायमाले दार आपटलं का समदं वाया जाते."

कोणाच्या शेवटाच्या, ते मी विचारलं नाही. दवाखान्यातला माणूस, असेल काही.

महिनाभर शेवट ऐकून माझं डोकं उठलं, तेव्हा मी पदर खोचून खाली गेले. त्यांच्या समोरच्या खोलीत एक म्युझिक सिस्टीम, दोन स्पीकर, आणि भिंतीला लावून औषधांचे रिकामे खोके. सलाइनचे, खोकल्याच्या औषधाचे. आत औषध नव्हतं, सीड्या होत्या. ओळीने उभ्या, डॉक्टरच्या कपाटातल्या बाटल्यांसारख्या. सगळं जॅझ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं, पुढे आपल्या मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत साहेबलोकांना नाचवायला वाजलेलं. त्याचे जुने लाखेचे तवे, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या, परदेशातल्या कंपन्या कुठून कुठून गोळा करत, त्यांची खरखर कॉम्प्युटरवर काढत आणि नव्याने सीडीवर घालून विकत. शारजात कामाला असलेला भाचा ह्यांना त्या पाठवी. इकडे मंगरूळपीरला पोस्टमन आला की गल्ली म्हणे, "कंपाउंडरचा पेशंट आला."

कारण ते बोलतच तसे. नवी सीडी आली की ती 'ॲडमिट' होई. तव्यावरची सुरसुर म्हणजे दमा, कडकड म्हणजे खरूज. कंपनीने खरखर इतकी काढली की वाद्यंही पिचकी वाजू लागली, तर मान हलवून म्हणत, "डोस जास्त झाला. रोग गेला, मानूसही गेला." दोन तव्यांचे तुकडे जोडून एक गाणं केलेलं असेल तर लगेच ओळखत, "टाके दिसून राह्यले." आणि ज्या सीडीवर मन बसे तिला डिस्चार्ज नसे, ती सिस्टीमवरच मुक्कामाला राही.

त्या दिवशी मी त्यांना संगीत शिकवलं. हो, शिकवलं. उभ्या उभ्या. संगीताला आरंभ असतो, विस्तार असतो, आणि तुम्ही जे ऐकता त्याला ना राग ना सम, तेव्हा ते संगीतच नव्हे. भाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "म्याडम, सम नसती तर साहेबाच्या बायका नाचल्या कशा असत्या? पडल्या नसत्या काय?"

आतून त्यांची बायको हसली. तिला आम्ही भाभी म्हणत असू. ती पडद्याआडूनच म्हणाली, "बाई, त्याहीले काही सांगू नोका. लग्न झालं तवापासून मी एक गानं पुरं ऐकलं नाही. निकाहाच्या दिवशी सनईवाला वाजवू लागला, तर हे म्हनते, शेवट कधी येते?"

शेवटाची गोष्ट मला सांगितली ती मात्र भाईंनीच, पुढे कधीतरी, जिन्यात बसून.

त्यांचे वडील गावातल्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवत. पावसाळ्यात लग्नं नसत, म्हणून बँडवाले रिकामे. कोणी शेतात निंदायला जाई, कोणी उधारीवर बसे. वडील तरुणपणी एका पावसाळ्यात जऊळका स्टेशनावरून गाडीत बसले आणि मुंबईला गेले. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या जॅझ बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला तापाने पडला होता. ह्यांना त्याच्या जागी उभं केलं. नेमका त्याच दिवसांत त्या बँडचा एक तवा निघाला. तव्यावर नाव फक्त बँडच्या साहेबाचं. पावसाळा सरला, लग्नं लागली, वडील तो तवा सदऱ्यांच्या घडीत ठेवून गावी आले आणि म्हणाले, "ह्याच्यात मी आहे."

गाव म्हणालं, "आहे ना. हाटेलात बशा धुवून राह्यला होता. ऐका, बशीचा आवाज येते."

आता बँडवाल्यांची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वरातीत गाणं संपतं पण वरात संपत नाही. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत आवाज तुटता कामा नये. तुटला तर अपशकुन, आणि नवऱ्या मुलाचे मामा बँडवाल्याला शिव्या घालणार. म्हणून गाणं थांबलं की एक ट्रम्पेटवाला एकटाच सूर धरून राहतो, बाकीचे तोवर थुंकी झटकतात, श्वास घेतात, पुढचं गाणं काढतात. हे काम भाईंच्या वडिलांचं होतं. लहानपणापासूनचं. आणि त्यामुळे मुंबईत रेकॉर्डिंगच्या थंडगार खोलीत, साहेबांच्या बँडबरोबर, गाणं संपलं, सगळे थांबले, आणि वडील सवयीने वाजवतच राहिले. क्षणभरच. पण तवा फिरत होता. साहेब लाल झाला म्हणे. पण दुसऱ्यांदा वाजवायला वेळ नव्हता, तवा तसाच निघाला.

"अब्बा म्हनत," भाई सांगत होते, "शेवट ऐक. समदे थांबते, मी एकटाच राह्यतो. तोच मी."

गावात तवा वाजवायला यंत्र एकच, डॉक्टरांच्या घरी. वडिलांचा आजार बळावला तेव्हा भाई नुकतेच कंपाउंडर झालेले. त्यांनी डॉक्टरांच्या हातापाया पडून ग्रामोफोन एका दिवसासाठी घरी आणला. अब्बांना ऐकवायचं, आणि गल्लीतल्या हसणाऱ्यांना बोलावून त्यांनाही ऐकवायचं. तव्यावर किती वर्षांची धूळ. आणि दवाखान्यातल्या माणसाला घाण दिसली की हात कुठे जातो? भाईंनी कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला, आणि इंजेक्शनच्या आधी दंड पुसावा तसा तो तवा गोल गोल, मन लावून पुसला. दोन्ही बाजूंनी.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते तसंच. हे त्यांना सुतारानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी. तोवर तव्याच्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या आणि कापसाचे पुंजके चिकटून बसले होते. सुई लावली तर नुसती घसरली.

"अब्बा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, जाऊ दे. साफ तर झाला."

ह्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "लाखेवर स्पिरिट लावायचं नसतं, भाई." भाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "नाही लावत आता."

तेव्हापासूनचं हे सगळं. तो तवा जगात आणखी कोणाकडे तरी असणार, आणि जुने तवे साफ करणारी कुठली तरी कंपनी कधीतरी तो काढणार, ह्या आशेवर भाई बसलेले. बाकीच्या सीड्यांचे शेवट ऐकायचे ते कंपनीची परीक्षा म्हणून. ही शेवट राखणारी आहे की कापणारी? कापणाऱ्याच फार. गाणं संपलं की मागची खरखर लोकांच्या कानाला लागू नये म्हणून त्या शेवटाचा आवाज लगेच खाली ओढतात, जसा दुकानदार ग्राहक बाहेर पडायच्या आत शटर ओढतो.

आणि एके दिवशी तो तवा निघाला. म्हणजे सीडी. मुंबईच्या जुन्या जॅझ बँडांची, त्यात ते गाणं. भाचा शारजाहून घेऊन आला. भाईंनी ऐकायच्या आधी गल्ली बोलावली. वडिलांना हसलेले होते त्यांतले दोघं-तिघं म्हातारे अजून जिवंत होते, त्यांना खुर्च्या दिल्या. भाभीने शिरा केला. आणि प्रास्ताविक कोणी केलं? मी. ग्रंथालयातून विश्वकोश आणून, 'पाश्चात्त्य संगीताची परंपरा' ह्या विषयावर, टिपणं काढून. मी गुलामांच्या गाण्यांपासून सुरू केलं. शिरा गार झाला. एक म्हातारा घोरू लागला. दुसरा मध्येच म्हणाला, "बाई, हे कोनाच्या मयतीचं भाषन आहे?" तरी मी थांबले नाही. रीत पाळत होते जणू, सूर तुटू देत नव्हते.

मग गाणं लागलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात एक गाणं सुरुवातीपासून वाजलं. काय स्वच्छ होतं! काल वाजवल्यासारखं. भाई डोळे मिटून उभे, हात पोटावर बांधलेले, नमाजाला उभं राहावं तसे. झांज वाजली. धाडकन संपलं. आणि मागे काही नाही. एकदम काहीच नाही, पाण्याच्या टाकीत डोकं घातल्यासारखी शांतता.

जो जागा होता तो म्हातारा बशीतला शिरा निपटत म्हणाला, "बशीचाही आवाज नाही आला बापा ह्यात."

कोणी फार हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं. भाईंनी सीडी काढली, पुसायला कापूसही घेतला नाही, खोक्यात ठेवली. "ऑपरेशन चांगलं झालं," म्हणाले, "पेशंट गेला."

त्यानंतर मी माझं इंग्रजी पाजळलं. कंपनीला मेल लिहिली. सायबर कॅफेत बसून, शब्दकोश मांडीवर. इतकी सुंदर मेल की वाचून मलाच रडू आलं. उत्तर आलं नाही. त्या कंपनीच्या जाहिराती मात्र मला अजून येतात. मी निवृत्त झाले, आमचे हे गेले, मी नागपूरला लेकाकडे आले, गुडघे बदलले, जाहिराती चालूच. 'आदरणीय जॅझप्रेमी.' आता ही माझी ओळख.

ते गाणं पुढे आणखी दोन-तीनदा निघालं. दर वेळी तंत्र सुधारलेलं, दर वेळी शेवट आणखी नीट कापलेला. भाई मागवत राहिले. मंगरूळपीरला वरातींत बँड जाऊन डीजे आला. मी एकदा भेटायला गेले तर भाई दारात उभे होते, समोरून भिंतीएवढे स्पीकर लादलेली ट्रॉली चाललेली, खिडक्या थरथरत होत्या. "ह्याचा शेवट कसा असते, भाई?" मी कानात ओरडले. "डिझल सरते," ते म्हणाले.

मागच्या लग्नसराईत त्यांचा फोन आला. मी नागपूरला, दुपारची पडलेली.

"म्याडम, तुमचे कान आहेत ना अजून?"

"आहेत," मी म्हटलं. ते मशीनवर आहेत, हे सांगितलं नाही. बाईमाणसाने सगळंच सांगू नये.

झालं असं होतं की परदेशात कोणी एक हट्टी माणूस जुने तवे न पुसता, न कापता, सुई ठेवल्यापासून उचलेपर्यंत जसेच्या तसे कॉम्प्युटरवर चढवू लागला होता. साफ केलेलं एक, आणि सोबत हे न केलेलं. भाच्याच्या मुलीने त्यांतलं अब्बांचं गाणं भाईंच्या मोबाइलवर उतरवून दिलं होतं. गाणं हातात होतं. आणि भाईंना ऐकू येत नव्हतं. ऐंशी उलटलेली. झांजसुद्धा त्यांना लांबून, गोधडीतून आल्यासारखी.

"भाभींना ऐकवा ना."

"ती काय! तिनं तर आधीच्या हरेक सीडीले 'येते, येते' म्हनलं. माह्या सुखासाठी. पोरं बी तसेच. तुमीच एक आहा, तुमी कधीच माहं मन राखलं नाही."

एवढी मोठी पदवी मला विद्यापीठाने दिली नाही.

वाशिमला एक लग्न होतं, सून गाडी चालवणार होती. मी तिला म्हटलं, शेलू बाजारला समृद्धीवरून उतरलो की मंगरूळपीरला दहा मिनिटं थांबू, जुने घरमालक आहेत. बाकी काही बोलले नाही. ती आधीच घड्याळ पाहत होती. हळद गाठायची होती तिला.

भाई पलंगावर बसलेले. सदरा तोच, आत माणूस कमी. स्पिरिटचा वास नव्हता. ते मला आधी जाणवलं. भाभी पाय ओढत पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आल्या बाई? सांगा आता एकदाचं. माह्यानं आता होत नाही."

मी चष्मा काढला, कानातलं मशीन काढलं, हेडफोन लावला. काही नाही. मशीन घातलं, वर हेडफोन लावला. मशीन शिट्टी मारू लागलं. शिट्टीच्या मागे कुठेतरी तीळ तडतडत होते. ते संपले. मी पुन्हा लावलं. भाई माझ्या तोंडाकडे पाहत होते, आम्ही परीक्षेच्या निकालाकडे पाहायचो तसे. जन्मभर तोंडाळपणा करून मिळवलेली एवढी पत, आणि ती वापरायची वेळ आली तेव्हा मला धड ना खरं बोलता येईना, ना खोटं.

"आई, उशीर होतोय," सून म्हणाली. "काय ऐकायचंय? द्या इकडे."

तिने हेडफोन ओढून घेतला. एक पाय दाराकडेच. मी बटण दाबलं. ती ऐकत होती, मध्ये एकदा केसातला गजरा नीट केला. मग भुवया आकसल्या.

"झालं," हेडफोन काढत ती म्हणाली. "खरखर किती आहे! आणि शेवटी चुकलंय हो कोणीतरी."

"काय चुकलं?" मी विचारलं.

"अहो, गाणं संपलंय. सगळे थांबले. एकजण आपला वाजवतोच आहे. मग लक्षात आलं वाटतं त्याच्या. थांबला."

मी ते भाईंच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. शब्द न बदलता. सून गोंधळून म्हणाली, "काय झालं? मी काही वाईट बोलले का?"

भाई हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मग सुनेला हाताने जवळ बसवून घेतलं, आणि तिची समजूत काढावी तसे म्हणाले, "चुकला नाही, बेटा. त्याले कोनी सांगतलंच नाही ना का नवरदेव उतरला म्हनून."

तिला काही कळलं नाही. पण ती बसली. घड्याळ पाहायचं विसरली.

 भाईंनी मोबाइल उशीखाली सारला, मग पाय पलंगावर घेतले आणि भिंतीकडच्या त्या खोक्यांकडे पाहिलं. फार दमलेले दिसत होते. लग्नाचं घर पाहुणे गेल्यावर दिसतं तसे.

"आता काय मंगवाचं?" ते म्हणाले.

"दाळ मंगवा," भाभी आतून म्हणाली. "कालपासून सांगून राह्यली. घरात एक दाना नाही."